किती सीसीचं इंजिन?

रेडिओच्या इशाऱ्यावर उडणारं विमान बांधायला घेतलेला माणूस बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो, ‘पेट्रोल इंजिन किती सीसीचं घेऊ?’ खरं म्हणजे हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. टाकी भरल्यावर विमान किती किलोचं होणार? आणि ते वर जाऊन काय करणार?

माहितीपत्रकात अश्वशक्तीचा आकडा ठळक छापलेला असतो. त्यावर फार भिस्त ठेवू नये. इंजिन ज्या वेगानं फिरत असताना ती ताकद मोजलेली असते, तो वेग मोठा प्रॉपेलर लावल्यावर बहुतेक वेळा गाठलाच जात नाही. विमानाला ओढतो तो प्रॉपेलर. तेव्हा विचारायचं ते असं : हे इंजिन कोणता प्रॉपेलर फिरवतं आणि त्यातून किती किलोची ओढ मिळते?

प्रॉपेलरवर दोन आकडे असतात. १८ बाय ८ म्हणजे व्यास १८ इंच आणि पिच ८ इंच. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जसा ठरावीक आत शिरतो, तसा हा प्रॉपेलर एका फेऱ्यात, निदान कागदावर तरी, ८ इंच पुढे सरकतो. मिनिटाला ७००० फेरे झाले तर वेग येतो ताशी सुमारे ८५ किलोमीटर. मोठा व्यास आणि कमी पिच म्हणजे घाटातला पहिला गिअर. उलट केलं की सपाट रस्त्यावरचा टॉप गिअर.

आता सहा किलोचं विमान धरू. शिकाऊ हातांनी शांतपणे उडवायचं, तर वजनाच्या निम्मी ओढ पुरते. २० सीसीचं इंजिन ती सहज देतं. कोलांट्या आणि उभी चढण हवी असेल, तर ओढ वजनाएवढी हवी. म्हणजे २६ ते ३० सीसी. प्रॉपेलरवर हवेत टांगून ठेवण्याची हौस असेल, तर वजनाच्या सव्वापट ओढ लागते आणि मग ३५-४० सीसीकडे वळावं लागतं. त्यापेक्षा विमानच हलकं बांधलेलं बरं, असं माझं मत आहे.

‘मोठंच घेऊ, थ्रॉटल कमी ठेवू’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण थ्रॉटल कमी केल्यानं वजन कमी होत नाही. ३० सीसीचं इंजिन सायलेन्सर, इग्निशन नि बॅटरी धरून सव्वा किलोच्या घरात जातं, ५५ सीसीचं दीड किलोच्या पुढे. नाक जड झालं की तोल साधायला शेपटीत शिसं भरायचं, म्हणजे आणखी वजन. वजन २० टक्के वाढलं तर उतरतानाचा वेग सुमारे १० टक्के वाढतो आणि आखूड मैदानावर तेवढ्यानंच चाकं मोडतात. शिवाय सांगाड्याला न सोसणाऱ्या वेगात शेपटीचे पडदे फडफडू लागले, की क्षणात तुटतात. खाली माणसं उभी असतात, हे विसरू नये.

जागेचाही विचार हवा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ असल्यानं समुद्रकाठच्या तुलनेत दहा-बारा टक्के ताकद कमी पडते. आणि आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा शोषतं, कार्ब्युरेटरमधल्या नाजूक पडद्यांना त्रास देतं. म्हणून उड्डाण संपलं की टाकी रिकामी करावी.

इंजिन बसवल्यावर ओढ स्वतः मोजावी. विमानाची शेपूट मजबूत दोरीनं खांबाला बांधायची, मध्ये ताणकाटा अडकवायचा. सगळ्यांनी प्रॉपेलरच्या मागे उभं राहायचं, समोर किंवा बाजूला कुणी नको. मग थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडायचा. काटा अपेक्षेपेक्षा खाली थांबला, तर आधी कार्ब्युरेटरच्या सुया जुळवाव्यात, मग प्रॉपेलर बदलून पाहावा. नवं इंजिन घेण्याचा खर्च त्यानंतरचा.