पेशवे दफ्तर संशोधकांस दुष्प्राप्य कां झालें?

इ.स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, तेव्हां राज्याबरोबर राज्याचें दफ्तरही इंग्रजांच्या स्वाधीन झालें. मोडी कागदांचे हजारों रुमाल पुण्यांत सुरक्षित राहिले. तथापि पुढें शंभराहून अधिक वर्षें ते मराठ्यांच्या इतिहासकारांस जवळजवळ बंदच होते. ही बंदी केवळ अधिकाऱ्यांच्या लहरीची होती असें मानल्यास तिचें मर्म हातीं लागत नाहीं, व आजच्या संशोधकास तेथें जी अडचण पडते तिचाही उलगडा होत नाहीं.

नव्या सरकारच्या दृष्टीनें हे कागद म्हणजे इतिहासाचीं साधनें नसून हक्कांचे पुरावे होते. कोणतें गांव इनाम, कोणती जमीन वतनी, कोणती सनद अस्सल, याचा निर्णय या दफ्तरावरून होई. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले व इनामदारांच्या दाव्यांची छाननी याच रुमालांच्या आधारें चालली. ज्या रोजकीर्दींत दावेदाराविरुद्ध पुरावा निघे, तिच्यांतच सरकारविरुद्धही निघण्याचा संभव होता. वादांतील एका पक्षानें आपली पेटी दुसऱ्यापुढें उघडावी, ही अपेक्षाच व्यर्थ. १८६३ च्या कायद्यांनीं पुष्कळसे वाद तडजोडीनें मिटले; पण दफ्तर एलिएनेशन ऑफिसांतच राहिलें आणि जुना संशयही गेला नाहीं.

म्हणून राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपला पहिला खंड काढला तो वाई येथें मिळालेल्या खासगी कागदांवर. रोजनिशींतील वाडकृत वेंच्यांसारखे अपवाद घडले. न्यायमूर्ति रानड्यांनीं त्यांवर लिहिलेंही. १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पंचेचाळीस खंडांत निवडक कागद प्रसिद्ध केले. या उपकाराचें मोल मोठें. परंतु निवड ती निवडच. तिच्याबाहेर राहिलेल्या कागदांची संख्या लाखांनीं मोजावी लागते.

आतां कायद्याची स्थिति पालटली आहे. केंद्र सरकारचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा व महाराष्ट्राचा २००५ चा. पूर्वीचें गुप्ततेचें कारण उरलें नाहीं. तरीही नवखा अभ्यासक पुष्कळदां रित्या हातानें परततो. याचें कारण दफ्तराच्या रचनेंत आहे. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिसी, पागा, जमाव, हे विभाग कारभाराच्या व चौकशीच्या सोयीनें पडले. इतिहासाच्या प्रकरणांप्रमाणें नव्हे. ‘पानिपतचे कागद द्या’ असें म्हणणारास कारकून काय देणार? त्यानें सन, प्रांत, खातें व असामी हीं सांगितलीं पाहिजेत. त्यांतही सन सुहूर असावयाचा. पानिपतचा संग्राम इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१ या सुहूर सनांतला. हा सन मृगाच्या सुमारास पालटतो. यास्तव इसवी सन काढतांना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे. एवढें न जाणतां मागितलेला रुमाल एक वर्ष पुढचा किंवा मागचा निघतो, आणि दिवस फुकट जातो.

संग्राहकांस यांतून एक बोध घेण्यासारखा आहे. इनाम चौकशींत घराण्यांनीं आपले कागद पुराव्यादाखल सरकारांत हजर केले. त्यामुळें एकाच व्यवहाराची सनद घरीं, ताकीदपत्र गांवीं, व नोंद रोजकीर्दींत, अशी फाटाफूट झालेली असते. आपल्या संग्रहांतील प्रत्येक कागदाचा सुहूर सन, चंद्र, प्रांत व असामी टिपून याद्या छापाव्या. अशी यादी हातीं असलेला संशोधक दफ्तरांत नेमका रुमाल मागूं शकेल. यादी नसेल, तर संग्राहकाची पेटीही त्या जुन्या ऑफिसाइतकीच बंद राहील.