ऑब्लाइज : देणे लागणे आणि द्यावे लागणे

'ऑब्लाइज' या इंग्रजी क्रियापदाचे तीन अर्थ शब्दकोशात एकाखाली एक दिलेले असतात आणि वरवर पाहता त्यांचे एकमेकांशी पटत नाही. पहिला अर्थ एखाद्याला काही करणे भाग पाडणे. दुसरा एखाद्याची अडचण ओळखून त्याचे काम करून देणे. तिसरा, 'ऑब्लाइज्ड' या रूपात, उपकृत असणे. एकात सक्ती, दुसऱ्यात मेहेरबानी, तिसऱ्यात कृतज्ञता. तिन्ही अर्थ निघाले ते लॅटिनमधल्या 'लिगारे' म्हणजे बांधणे या क्रियापदातून. सांध्यातली हाडे धरून ठेवणारे 'लिगामेंट' त्याच घरचे. कायदा माणसाला बांधतो, उपकारही बांधतो, आणि बांधला गेलेला माणूस तसे कबूल करतो. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाने तिन्ही बंधने एकाच दाव्याला अडकवली.

सक्तीच्या अर्थाने हे क्रियापद बहुधा कर्मणी रूपात येते : 'ही वॉज ऑब्लाइज्ड टू सेल हिज लँड', म्हणजे त्याला जमीन विकणे भाग पडले. भाग पाडणारा कायदा असेल, कर्ज असेल, नाहीतर निव्वळ परिस्थिती. पण भाग पडणे आणि कर्तव्य असणे यांत अंतर आहे. ब्रिटिश विधितज्ज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1961 च्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या ग्रंथात ते बंदूकधाऱ्याच्या उदाहरणाने उलगडले. बंदूक रोखून कोणी पैसे मागितले तर ते द्यायला माणूस 'ऑब्लाइज्ड' असतो, पण ते देण्याचे त्याच्यावर 'ऑब्लिगेशन' नसते. इंग्रजीत हा फरक समजावायला हार्ट यांना पाने खर्ची घालावी लागली. मराठी माणूस तो बोलता बोलता पाळतो : लुटारूला पैसे द्यावे लागतात, सावकाराचे पैसे आपण देणे लागतो.

उपकार कुठे संपतो आणि देणे कुठे सुरू होते, हे भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 70 मध्ये स्पष्ट केले आहे. फुकट करण्याचा हेतू न ठेवता एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायची. कलमाखाली दोन छोटी उदाहरणे आहेत. व्यापाऱ्याने चुकून एकाच्या घरी माल टाकला आणि त्या माणसाने तो आपलाच असल्यासारखा वापरला, तर पैसे द्यावेत. एकाने दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवली आणि ती मोबदल्याच्या हेतूविना वाचवली असे परिस्थितीवरून दिसत असेल, तर त्याला भरपाई मागता येत नाही. फरक पडतो तो करणाऱ्याच्या हेतूने. ज्याला मोबदला नको होता, त्याच्या उपकाराची फेड कोर्टात होत नाही. ती ज्याची त्याने मनाशी करायची.

बंधन कोणी कोणावर घालायचे, हा प्रश्न बुलढाण्यातून एकदा फार धारदारपणे विचारला गेला. तिथल्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक 1882 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे अपिलात कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यावर ताराबाईंनी लेखणी उचलली. पतिव्रताधर्माचे सगळे नियम बाईला बांधतात, पुरुषाला बांधणारा एकही नियम कसा नाही, हा त्यांच्या मांडणीचा कणा. एकतर्फी कर्तव्याला त्यांनी कर्तव्य मानायचेच नाकारले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाचे, आणि बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. इंग्रजी अमलातल्या अशा कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' अशी सही करण्याचा रिवाज होता. बाप नोकरीला होता तिथे ही भाषा, आणि मुलीच्या लेखणीला मात्र असल्या ताबेदारीचा वाराही लागलेला नाही.

उपकाराच्या अर्थाने 'ऑब्लाइज' सौम्य होते. मैफलीत 'ऑब्लाइज अस विथ अ साँग' असा आग्रह होतो. आढेवेढे न घेता मदत करणाऱ्याला 'ऑब्लाइजिंग' म्हणतात. मराठी बोलण्यातही हा शब्द रुळला आहे, पण त्याचा सौम्यपणा वाटेतच कुठेतरी गळून पडला. 'त्याला ऑब्लाइज करावं लागलं' यात भीड असते, आणि 'मला कुणाचं ऑब्लिगेशन नको' यात धास्ती. ही धास्ती इंग्रजीतून आलेली नाही. उपकाराखाली दबलेल्या माणसाला मराठीत 'मिंधा' म्हणतात. मिंधा नजर वर करून बोलू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही, आणि एक दिवस शब्द टाकला जाणार हे त्याला पक्के ठाऊक असते. उतराई होणे, पांग फेडणे, खाल्ल्या मिठाला जागणे हे सगळे वाक्प्रचार त्याच ओझ्याचा हिशेब मांडतात. 'आभार' या शब्दातही 'भार' उघड दिसतो, फक्त रोजच्या वापरात तो जाणवत नाही.

तिसरा अर्थ कृतज्ञतेचा. 'मच ऑब्लाइज्ड' हे इंग्लंडात आता जुन्या वळणाचे वाटते. भारतातल्या न्यायालयांत मात्र न्यायमूर्तींनी म्हणणे ऐकून घेतले की वकिलाच्या तोंडून ते अजूनही निघते. पोर्तुगीजांनी तर याच मुळातल्या शब्दाला रोजचे 'धन्यवाद' करून टाकले : पुरुषाने म्हणायचे 'ओब्रिगादो', बाईने 'ओब्रिगादा', अर्थ 'मी बांधला गेलो', 'मी बांधली गेले'. त्यांची सत्ता साडेचारशे वर्षे ज्या गोव्यात होती, तिथली कोकणी माणसे आभार मानतात ते 'देव बरें करूं' म्हणून. फेडीचा भार परस्पर देवावर टाकण्याची ही युक्ती मोठी सोयीची आहे.

या शब्दाचा खरा गोंधळ होतो तो अर्जात. भारतीय इंग्रजीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला एक साचा आहे : 'काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज अँड ऑब्लाइज'. शेवटचे दोन शब्द म्हणजे 'आणि उपकृत करावे'. रजा नियमात बसत असेल तर ती नियमानेच मिळायला हवी. पण या दोन शब्दांनी ती साहेबाच्या मर्जीवर जाऊन बसते. मराठी अर्जातले 'ही नम्र विनंती' निदान विनंतीवर थांबते. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर असो की मलकापूर, तहसिलीतून उत्पन्नाचा दाखला हातात पडल्यावर 'साहेबानं करून देलं' असेच बोलले जाते. बोलणाऱ्याचा सूर मिंध्याचा असतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच त्यात काही खटकत नाही.

कायद्याने मात्र हे नाते उलटे बांधले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत देणे हे पदनिर्देशित अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. सेवा नाकारली तर कारण लेखी दिले पाहिजे. मुदत टळली तर पहिले अपील, मग दुसरे, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. पुरेसे कारण नसताना हयगय करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे इथे 'ऑब्लाइज्ड' आहे तो अधिकारी, आणि तोही पहिल्या अर्थाने.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानात या नात्याचे दुसरेच टोक दिसते. चपला सांभाळण्यापासून प्रसाद वाढण्यापर्यंतची कामे सेवाधारी विनामोबदला करतात. काम सेवाधारी करतो आणि सेवेची संधी मिळाली म्हणून उपकृतही तोच असतो. उपकार करणारा आणि घेणारा ज्यात एकच आहे, अशा व्यवहाराला इंग्रजी क्रियापदाच्या तीन अर्थांपैकी एकही पुरा पडत नाही.

वापरापुरते सांगायचे तर 'ऑब्लाइज्ड टू' च्या पुढे क्रियापद आले की बहुधा सक्ती, 'ऑब्लाइज्ड फॉर' च्या पुढे नाम आले की आभार. अमेरिकेत सक्तीसाठी 'ऑब्लिगेट' ही वापरतात. ब्रिटिश इंग्रजीत 'ऑब्लाइज' लाच पसंती आहे. अर्जाच्या शेवटी 'अँड ऑब्लाइज' लिहिण्याची आता गरज उरलेली नाही. हक्काची गोष्ट मागताना नियमाचा क्रमांक आणि तारीख द्यावी. खरोखरच मेहेरबानी मागायची असेल तर 'आय वुड बी ग्रेटफुल' पुरते.