अभ्याससहल : परक्या शहराचे वाचन

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रवासवर्णन या साहित्यप्रकाराचा परिचय करून घेतला. त्याच्या जवळचा, परंतु स्वतंत्र असा एक अनुभव म्हणजे महाविद्यालयाची शैक्षणिक व सांस्कृतिक सहल. सहलीहून परतल्यावर बहुतेक विद्यार्थी जो वृत्तान्त लिहितात, त्यात स्थळांची नावे असतात, वेळा असतात, ‘खूप मजा आली’ हे वाक्यही असते. शहर मात्र नसते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे आपण बर्लिन या शहराच्या आधारे समजून घेऊ. समजा, आपल्या महाविद्यालयाचा एक गट पाच दिवसांसाठी बर्लिनला निघाला आहे आणि आपण त्या गटात आहात.

३.२ पूर्वतयारी : जे दिसत नाही ते पाहण्यासाठी

बर्लिनमध्ये उंटर डेन लिंडेन या प्रशस्त रस्त्यालगत बेबेलप्लाट्झ नावाचा चौक आहे. एका बाजूस संगीतिकागृह, दुसऱ्या बाजूस जुन्या राजग्रंथालयाची इमारत आणि रस्त्यापलीकडे १८१० मध्ये सुरू झालेले विद्यापीठ. चौकाच्या फरसबंदीत एक चौकोनी काच बसवलेली आहे. पूर्वतयारीविना आलेला प्रवासी तिच्यावरून सहज चालत पुढे जाईल. वाकून पाहिले, तर खाली एक पांढरी खोली दिसते. तिच्या चारही भिंतींना पुस्तकांच्या मांडण्या आहेत आणि त्या सर्व रिकाम्या आहेत.

१० मे १९३३ च्या रात्री याच जागी सुमारे २०,००० पुस्तके जाळण्यात आली. हाइन्रिश हाइने, सिग्मंड फ्रॉइड, कार्ल मार्क्स, एरिश मारिया रेमार्क अशा लेखकांचे ग्रंथ त्यात होते. एरिश केस्टनर हे लेखक तर गर्दीत उभे राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहत होते. मिखा उलमान या शिल्पकाराने १९९५ मध्ये घडवलेल्या या स्मारकात तेवढीच पुस्तके मावतील एवढी जागा आहे. खोलीत उतरण्यास वाट नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही पुस्तके जाळण्यात पुढाकार विद्यार्थी संघटनांचा होता. ग्रंथालये शोधून पुस्तके गोळा करणारे आणि मशाली घेऊन मिरवणुकीने येणारे तरुण आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच उच्च शिक्षण घेणारे होते. हे ठाऊक असणारा विद्यार्थी त्या काचेपाशी निराळ्या मनाने उभा राहतो. पूर्वतयारीचे महत्त्व यातच आहे.

३.३ निरीक्षण : तपशिलातून अर्थाकडे

दुसरे स्थळ बेर्नाउअर श्ट्रासे हा रस्ता. १३ ऑगस्ट १९६१ रोजी शहराची विभागणी करणारी सीमा बंद करण्यास सुरुवात झाली. या रस्त्यावरील काही घरांची स्थिती विलक्षण होती : घर पूर्व बर्लिनमध्ये आणि दारापुढचा पदपथ पश्चिम बर्लिनमध्ये. त्यामुळे लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या घेतल्या. काहींना त्यात प्राण गमवावे लागले. पुढे खिडक्या विटांनी बुजवण्यात आल्या, रहिवाशांना हलवण्यात आले आणि अखेर घरेही पाडली गेली. आज जेथे भिंत उरलेली नाही, तेथे तिच्या रेषेवर गंजल्या रंगाच्या उंच लोखंडी सळ्या रोवल्या आहेत. दोन सळ्यांमधून माणूस सहज पलीकडे जातो. ‘भिंत पाहिली’ एवढे लिहिण्याऐवजी त्या सळ्यांमधून आपण किती पावलांत पलीकडे गेलो, हे लिहून पाहा. ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंत ती पावले टाकणे अशक्य होते, एवढे पुढचे वाक्य त्यास पुरेसे आहे.

३.४ अनुबंध : आपल्या भाषेपर्यंत येणारी वाट

परके शहर पाहताना आपल्याकडचे दुवे ओढूनताणून शोधू नयेत; पण खरा दुवा असेल तर तो सोडूही नये. ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राचे संशोधन करीत होत्या. दालेम या उपनगरातील संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता वंशाशी निगडित आहे, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, त्यांत असा संबंध आढळला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसे नमूद केले. हेच फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. संस्थेची इमारत आजही उभी आहे.

आता ही दोन स्थळे शेजारी ठेवून पाहा. एकीकडे सत्तेला रुचेल ते करणारे विद्यार्थी, दुसरीकडे परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडणारी एक मराठी विद्यार्थिनी. शिक्षण माणसाला आपोआप विवेकी करीत नाही. विवेक वेगळा जोपासावा लागतो. हा विचार वर्गात सांगता येतो, पण त्या शहरात उभे राहिल्यावर तो टाळता येत नाही.

३.५ समारोप

सारांश, अभ्याससहलीचे लेखन तीन गोष्टींवर उभे राहते : आधी मिळवलेली माहिती, प्रत्यक्ष टिपलेला तपशील आणि या दोहोंतून स्वतःला पडलेला प्रश्न. पहिल्या दोन गोष्टी गटातील सर्वांना सारख्याच मिळतील. तिसरी मात्र ज्याची त्याने आणावयाची असते. आपल्या वृत्तान्तात असा एक तरी प्रश्न प्रामाणिकपणे उमटला, तर ती सहल अभ्याससहल ठरली असे समजावे.

स्वाध्याय

१. बेबेलप्लाट्झ येथील स्मारकात रिकामेपणाला कोणता अर्थ प्राप्त होतो, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील नाहीशा झालेल्या एखाद्या वास्तूच्या जागी प्रत्यक्ष जाऊन या तीन गोष्टींच्या आधारे दीडशे शब्दांचा वृत्तान्त लिहा.