क्यूआर कोड : रचना व निर्मिती

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमध्ये पाठच साठविलेला असतो, असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः त्यात बहुधा केवळ एक पत्ता असतो. १९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी ही योजना काढली; पुढे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ती पाठ्यपुस्तकांस जोडली.

कोड तयार करण्यास मोठी यंत्रणा लागत नाही. वेबपानास जावास्क्रिप्टमधील छोटीशी लायब्ररी जोडून तीस पत्ता द्यावा. ती ब्राउझरमध्येच चित्र काढून देते. सर्वांत लहान चित्र २१ गुणिले २१ घरांचे, सर्वांत मोठे १७७ गुणिले १७७ घरांचे असते. मजकूर वाढला की घरे वाढतात व तेवढ्याच जागेत छापल्यास बारीक होतात. मग साध्या मोबाइलला ती वाचता येत नाहीत. म्हणून पत्ता आखूड असावा. देवनागरी अक्षरास तर रोमन अक्षराच्या सामान्यतः तिप्पट जागा लागते.

लायब्ररीस दुरुस्तीची पातळीही सांगता येते. चारांपैकी सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग मळला तरी कोड वाचला जातो. मात्र घरे वाढतात, आणि कोपऱ्यांतील तीन चौकोन शाबूतच हवेत. मुलांच्या हातची पुस्तके पाहता ही पातळी घेणे श्रेयस्कर. सभोवती चार घरांइतका कोरा समास सोडावा. हौसेने तेथे वेलबुट्टी काढू नये.

पत्त्यावरील पान नाहीसे झाल्यास छापलेल्या सर्व प्रतींतील कोड मुका होतो. सबब पत्ता शाळेच्या ताब्यातील असावा, आणि छपाईपूर्वी गावातील जुन्यात जुन्या मोबाइलवर तो वाचून पाहावा.