ओपनबीएसडीवर वाय-फाय का चालत नाही?

ओपनबीएसडी या युनिक्ससदृश प्रणालीत इंटेलच्या वाय-फाय कार्डाला दोन गोष्टी लागतात: कर्नलमध्येच असलेला ड्रायव्हर, आणि कार्डावर चढवला जाणारा फर्मवेअर हा छोटा प्रोग्राम, जो परवान्याच्या अटींमुळे मूळ प्रणालीत समाविष्ट नसतो.

म्हणून प्रथम 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. तेथे कार्डाचे 'आयडब्ल्यूएम०' हे नाव असूनही फर्मवेअर वाचता न आल्याची ओळ असेल, तर दोष कार्डाचा नसून फर्मवेअरच्या अभावाचा असतो. कार्डापुढे 'नॉट कॉन्फिगर्ड' असा शेरा असल्यास मात्र ड्रायव्हरच उपलब्ध नाही, असे समजावे.

फर्मवेअरसाठी इंटरनेट हवे असल्याने तात्पुरते लॅन केबलने किंवा अँड्रॉइड फोनच्या यूएसबी टेदरिंगने जोडून घ्यावे आणि रूट वापरकर्ता म्हणून 'एफडब्ल्यू_अपडेट' ही आज्ञा चालवावी.

शंका असल्यास नोंदीतील नेमकी ओळ देऊन अवश्य विचारावी.