बारा खुर्च्या आणि एक टँगो

मॉस्कोच्या आमच्या वसतिगृहात तळमजल्यावर एक टीव्ही होता आणि त्याच्या समोरची पहिली खुर्ची दारावर बसणाऱ्या आजीबाईंची. आम्ही परदेशी मुलंमुली त्यांना 'बाबुश्का' म्हणायचो. १९८६च्या हिवाळ्यात, मी पुण्याहून रशियन शिकायला गेले त्याच वर्षी, एका संध्याकाळी तिथे 'बारा खुर्च्या' ही मालिका लागली होती. पडद्यावरचं पात्र तोंड उघडायच्या आधीच बाबुश्का हसायच्या. कादंबरी त्यांना तोंडपाठ होती. मला शब्द कळत होते, पण हसू येत नव्हतं. मग आंद्रेई मिरोनोव्ह हा नट गायला लागला आणि बाबुश्का एकदम गप्प झाल्या. ते गप्प होणं मात्र मला लगेच कळलं.

ही कादंबरी लिहिणारे इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव्ह दोघेही ओदेसाचे. मॉस्कोत 'गुदोक' या रेल्वे कामगारांच्या वर्तमानपत्रात नोकरी करायचे. पेत्रोव्हचे थोरले भाऊ वालेन्तिन कातायेव्ह तेव्हाच नावाजलेले लेखक होते. खुर्चीत दडवलेल्या दागिन्यांची कल्पना त्यांची. लिहिलं मात्र या दोघांनी, आणि १९२८ साली 'तीस दिवस' या मासिकातून कादंबरी क्रमशः आली.

क्रांतीच्या धामधुमीत एक श्रीमंत बाई आपले हिरे खुर्चीच्या गादीत शिवून ठेवते आणि मरताना ते जावयाला सांगते. हा जावई, वोरोब्यानिनोव्ह, एके काळचा उमरावांचा पुढारी. आता लग्नं आणि मृत्यू यांची नोंद करणारा कारकून. खुर्च्या बारा, एकसारख्या, आणि आता देशभर पांगलेल्या. बाईचा कबुलीजबाब ऐकलेला पाद्रीही त्यांच्या मागे लागतो. आणि या सगळ्यात कुठूनसा येऊन पोचतो ओस्ताप बेंदर. थंडी आहे, अंगात ओव्हरकोट नाही. पायात झकपक बूट आहेत, आत मोजे नाहीत. डोकं मात्र अफाट चालतं. रशियन माणसं आजही रोजच्या बोलण्यात बेंदरची वाक्यं वापरतात, आपल्याकडे पुलंची वापरतात तशी.

एवढी लाडकी कादंबरी पडद्यावर आणणं अवघड, कारण तिचा विनोद प्रसंगांपेक्षा निवेदकाच्या वाक्यांत आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचताना आपण फजितीला हसतो, पण त्याहून जास्त हसतो ती फजिती सांगण्याच्या तऱ्हेला. कॅमेऱ्याला फजिती दिसते. ती तऱ्हा त्याला कशी दिसणार?

१९७६ साली मार्क झाखारोव्ह या नाट्यदिग्दर्शकाने सोव्हिएत टीव्हीसाठी चार भागांची संगीतिका केली, तेव्हा त्याने यावर दोन उपाय काढले. पहिला उपाय म्हणजे झिनोव्ही गेर्द्तचा आवाज. हा थोर नट पडद्यावर न येता लेखकाचं निवेदन वाचतो, अगदी गंभीरपणे, आणि इल्फ-पेत्रोव्हची वाक्यं शाबूत राहतात. दुसरा उपाय गाण्यांचा, आणि माझा सगळा जीव या गाण्यांत आहे. संगीत नाटकात पद आलं की कथानक थांबतं, आणि प्रेक्षकही आनंदाने थांबतो. त्या पात्राच्या मनात काय चाललंय ते तेव्हाच उघडं पडतं. कादंबरीतला बेंदर मनातलं फारसं सांगतच नाही. गेन्नादी ग्लाद्कोव्हच्या चालींनी त्याला ते सांगायला लावलं. तो टँगो गातो, पांढऱ्या शिडाचं गाणं गातो. शिडाच्या गाण्यात लेर्मोन्तोव्हच्या प्रसिद्ध कवितेची सावली आहे. शाळेत ती पाठ केलेल्या प्रत्येकाला ती ऐकू येते. वरवर मौजेची गाणी, आणि आत हा माणूस अगदी एकटा.

श्रेयनामावलीत गीतकार म्हणून यू. मिखाइलोव्ह असं नाव दिसतं. हे युली किम. त्यांचे वडील १९३८ साली गोळी घालून मारले गेले, आई छावणीत गेली. किम स्वतः मानवी हक्कांच्या निवेदनांवर सह्या करत, त्यामुळे खऱ्या नावाने काम करणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच नावाआड राहून त्यांनी एका बहुरूपी लफंग्याची गाणी लिहिली. हे कळल्यापासून मला ती गाणी वेगळी ऐकू येतात.

मालिका जागोजागी रेंगाळते, सेट नाटकातले वाटतात, हे खरं. दिग्दर्शक गायदाय यांचा याच कादंबरीवरचा १९७१चा चित्रपट जास्त वेगवान आहे. पण बेंदर मला इथलाच, मिरोनोव्हचाच, खरा वाटतो. वोरोब्यानिनोव्ह झालेला अनातोली पापानोव्ह, पाद्री झालेला रोलान बिकोव्ह, अवघ्या तीस शब्दांत संसार चालवणारी एल्लोच्का झालेली येलेना शानिना, हेही विसरता येत नाहीत.

कादंबरीच्या शेवटी, आता एकच खुर्ची उरलेली असताना, वोरोब्यानिनोव्ह झोपलेल्या बेंदरच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो. त्याला मारायचं की नाही यावर लेखकद्वयाचं जमेना, तेव्हा त्यांनी साखरेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या, असं पेत्रोव्हने लिहून ठेवलंय. (पुढच्या 'सोनेरी वासरू'त त्यांनी त्याला गळ्यावरच्या वणासकट परत आणलं.) आणि हिरे? ते आधीच सापडलेले असतात. त्यांतून रेल्वे कामगारांसाठी क्लब उभा राहिलेला असतो. हे माहीत असलेला माणूस टँगो ऐकताना हसायचा थांबतो, त्यात नवल नाही.

मिरोनोव्ह आणि पापानोव्ह, दोघेही मॉस्कोच्या सतीरा थिएटरचे. १९८७च्या ऑगस्टमध्ये थिएटर रीगाच्या दौऱ्यावर होतं. ५ तारखेला पापानोव्ह मॉस्कोत घरी वारले. १४ तारखेला मिरोनोव्ह फिगारोची भूमिका करता करता, नाटक संपत आलं असताना, रंगमंचावर कोसळले. १६ला तेही गेले. वय ४६.

मी सुट्टीहून परतले तेव्हा बाबुश्कांच्या टेबलावरच्या काचेखाली वर्तमानपत्रातून कापलेले दोन फोटो होते. मी टँगोचे शब्द मागितले. त्यांनी एकेक ओळ थांबून थांबून सांगितली, मी वहीत उतरवली. कुठे हसायचं तेही सांगत होत्या. शेवटच्या कडव्यापाशी त्या थांबल्या. ते मला येत होतं. मी न विचारता लिहिलं.