बाजारभावाचं गणित आणि परदेशातला प्रवेश

नारायणगावच्या उपबाजारात २०२३च्या उन्हाळ्यात टोमॅटोला तोडणीची मजुरी सुटेल एवढाही भाव नव्हता. जुलैत तिथेच २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. जुन्नर-आंबेगावात हा चढउतार नशिबाच्या खात्यावर टाकतात. पण त्याचं माप काढून जोखमीची किंमत ठरवणारं शास्त्रही आहे, फायनान्शियल इंजिनिअरिंग. ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ साली ऑप्शनच्या किमतीचं सूत्र मांडलं, पुढे बँकांना गणितवाले हवेसे झाले आणि १९९०च्या दशकात कार्नेगी मेलनसारख्या विद्यापीठांनी याचा स्वतंत्र मास्टर्स सुरू केला.

नावात फायनान्स आहे म्हणून आपल्याकडे हा कोर्स बीकॉमवाल्यांचा समजतात. प्रवेश देणारे मात्र आधी गणित बघतात: मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि पक्की प्रोबॅबिलिटी. शिवाय पायथन किंवा सी प्लस प्लस. त्यामुळे ओतूर, मंचर किंवा जुन्नरच्या कॉलेजात गणित वा स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी करणारी मुलगी या दाराच्या, शहरातल्या बीबीएवाल्यापेक्षा जवळ उभी असते. तिला ते कुणी सांगत नाही, एवढंच. इंजिनिअरिंगवाल्यांची प्रोबॅबिलिटी बहुधा कच्ची राहते. ती एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सवर भरून काढता येते, आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचा मॅथेमॅटिकल फायनान्सचा कोर्सही तिथे आहे. नुसते व्हिडिओ बघू नका, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्या. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना तीन वर्षांची पदवी अपुरी वाटते, म्हणून चौथं ऑनर्स वर्ष किंवा एमएस्सी करूनच अर्ज करणं शहाणपणाचं.

अर्जातल्या निबंधात ‘मला लहानपणापासून आकड्यांची आवड’ हे वाक्य हजारो जण लिहितात. ‘मी शेतकऱ्याचा मुलगा’ एवढ्यानेही काही होत नाही. त्यापेक्षा काम दाखवा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर रोजचे मिळतात. टोमॅटोचे काही वर्षांचे दर उतरवून घ्या, आजच्या दराला कालच्या दराने भागून लॉगरिदम काढा आणि आलेख मांडा. मोठे झटके घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेत मावतात का, खवळलेले दिवस एकापाठोपाठ येतात का, हे तपासा. ब्लॅक-शोल्स सूत्रात चढउताराचं प्रमाण कायम धरलेलं असतं. तुमच्या बाजारात ते गृहीतक किती टिकतं, ते तुम्हीच मोजलेलं असेल. पुढचा प्रश्न आणखी रंगतदार. ‘किलोला किमान दहा रुपये मिळतीलच’ अशी हमी कुणी विकायला काढली, तर तिची किंमत किती? हाच तो पुट ऑप्शन. पण टोमॅटो महिनोन्‌महिने साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे अशी किंमत काढायची पुस्तकातली ‘आज घ्या, ठेवा, नंतर विका’ ही युक्ती लागू पडत नाही. चाळीतल्या कांद्याला आणि शीतगृहातल्या बटाट्याला ती थोडीफार लागू पडते. हा फरक ज्याने स्वतः कोड लिहून, बाजार बंद असलेले दिवस आणि चुकीच्या नोंदी निस्तरून दाखवला, त्याच्याशी मुलाखतीत बोलायला समोरच्यालाही काहीतरी असतं.

हेच काम विभागात सेमिनार म्हणून मांडा. आपल्याकडची शिफारसपत्रं ‘विद्यार्थी नम्र व कष्टाळू आहे’ याच्या पुढे जात नाहीत. सरांनी काही पाहिलेलंच नसेल तर ते बिचारे काय लिहिणार? जीआरई या प्रवेशपरीक्षेत गणिताच्या भागात १७० पैकी १७०च्या आसपास गुण लागतात, पण त्या भागाचं गणित शाळेच्या पातळीचं आहे. त्याचा बाऊ नको.

पैशाचं मात्र सोपं नाही. अनेक अमेरिकी कोर्सची फी अर्ध्या कोटीच्या पुढे जाते. झुरिचला ईटीएच आणि झुरिच विद्यापीठ मिळून चालवतात तो क्वांटिटेटिव्ह फायनान्सचा मास्टर्स त्या मानाने फार स्वस्त, पण गणिताची चाळणी बारीक. देशातही वाट आहे: स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसमधलं मोठं नाव असलेले राजीव करंदीकर इंदूरला बीएस्सी करून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. परदेशी जायचंच असेल तर अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही राज्याची योजना आहे. भीमाशंकर किंवा नाणेघाट परिसरातल्या मुलांनी चौकशी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातच सुरू करावी, आणि जात वैधता प्रमाणपत्र प्रवेशपत्राची वाट न बघता आधी काढून ठेवावं. अमेरिकेत ऑगस्टला सुरू होणाऱ्या वर्गाचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतले जातात.